आजीच्या गालावरचा हिरवा ठिपका: रात्रीच्या फोटोत भुतं येतात कुठून?

हेडफोन लावलेत ना? आज आधी एक कबुली देतो, मग विज्ञान.

दोन वर्षांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमेला मी आजीला घेऊन कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर गेलो होतो. पहाटेचा दीपोत्सव. अजून उजाडलेलं नसतं आणि पायऱ्यांवर जिकडे बघावं तिकडे पणत्या. आजीनं एक पणती ओंजळीत धरली आणि माझ्याकडे बघून हसली. मी चार पायऱ्या खाली उतरून फोटो काढला. एकच, कारण मागून गर्दी ढकलत होती.

घरी येऊन बघतो तर तिच्या गालावर हा भला मोठा हिरवा ठिपका! आजी म्हणाली, "आरं, माझ्या तोंडावर ह्ये हिरवं काय रं?"

त्यानंतर तिचे गुडघे असे धरले की घाटाच्या पायऱ्या बंदच झाल्या. म्हणजे तो फोटो परत मिळणार नाही. मी एका ॲपनं ठिपका पुसला. ठिपका गेला, पण त्याच्याखालच्या सुरकुत्याही गेल्या. ॲपनं अंदाजानं एक गुळगुळीत गाल बसवला होता. सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा रोजचा धंदा आहे, तरी सांगतो, ती माझी आजी नव्हती.

मग मी हा ठिपका आला कुठून याच्या मागे लागलो.

रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलायत असं समजा. आत दिवा, बाहेर अंधार. काचेत काय दिसतं? आपलंच तोंड. दिवसासुद्धा ते प्रतिबिंब तिथं असतंच, पण बाहेरच्या उजेडात बुडून जातं. रात्रीच्या फोटोचंही अगदी तसंच आहे.

साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्के उजेड परत फेकते, तोही प्रत्येक पृष्ठभागावर. एका काचेला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. लेन्सवर लावलेला फिल्टर ही अशीच एक जादा काच. आणि "माझ्याकडे फक्त फोन आहे, मी कुठं फिल्टर लावतो?" असं म्हणत असाल तर जरा फोन उलटा करून बघा. कॅमेऱ्यावर शंभर-दीडशे रुपयांची टेम्पर्ड ग्लास चिकटवलीये ना? तोच तुमचा फिल्टर. माझ्याही फोनवर होता.

आता दिव्याचा प्रवास बघा. उजेड काचेतून, लेन्समधून सेन्सरवर पोचतो. सेन्सर स्वतः चकचकीत असतो, तो थोडा उजेड परत पाठवतो. तो उजेड लेन्समधून उलटा बाहेर निघतो, पुढच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. ही दुसरी फेरी म्हणजे घोस्ट, आपल्या भाषेत भूत. दोन्ही वेळा ४-४ टक्के परावर्तन धरलं, तर मूळ उजेडाचा साधारण सहाशेवा भाग उरतो. नगण्य वाटतं ना? पण मागचा हॅलोजन पणतीच्या उजेडातल्या चेहऱ्यापेक्षा हजारपट प्रखर असेल, तर त्याचं भूतही चेहऱ्यापेक्षा उजळ निघतं!

भूत कुठं बसणार तेही ठरलेलं असतं. काच सपाट असल्यामुळे ते फोटोच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे पडतं. दिवा वर डावीकडे, तर भूत खाली उजवीकडे. घाटावरचा हॅलोजन वर डावीकडे होता, आजी खाली उजवीकडे. निशाणा मीच लावून दिला होता.

ठिपका हिरवाच का? लेन्सवर परावर्तन कमी करणारा पातळ थर असतो, त्याला कोटिंग म्हणतात. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. १९३५ साली कार्ल झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी ही युक्ती विकसित केली. पण कोणतंही कोटिंग सगळे रंग सारखे मारत नाही. जो रंग उरतो, तो भुताचा रंग. स्वस्त काचेवर तर बऱ्याचदा कोटिंगच नसतं.

फोटोवर सगळीकडे दुधाळ पडदा आला तर ते भूत नव्हे, तो फ्लेअर. उजेड ठरावीक जागी न पडता सगळीकडे पसरतो आणि काळा रंग राखाडी होतो. बोटाचे तेलकट ठसे, धूळ, काचेखालचा गोंद ही त्याची नेहमीची कारणं. दिव्यातून लांब रेघ निघाली असेल, तर समजा काच बोटानं पुसलीये. रेघ पुसल्याच्या दिशेला आडवी निघते.

आज रात्री हे करून बघा. खोलीत अंधार करा, मित्राच्या फोनचा टॉर्च लावा आणि कॅमेरा हळूहळू फिरवा. दिवा स्क्रीनवर उजवीकडे सरकला की ठिपका डावीकडे पळेल. आता टेम्पर्ड ग्लास काढून परत बघा. ठिपका पूर्ण जाईलच असं नाही, कारण फोनची स्वतःचीही एक काच असते. पण एक आरसा तरी कमी होतो.

फोटो काढताना काय करायचं? एक, काच सुती कापडानं पुसा. दोन, क्लिक करण्याआधी स्क्रीनवर ठिपका शोधा आणि फोन थोडा हलवून तो चेहऱ्यावरून काढा. दिवा बरोबर मध्यभागी आणलात तर भूत दिव्यातच लपतं. तीन, दिवा फ्रेमच्या बाहेर असेल तर हातानं आडोसा करा. मोठा कॅमेरा असेल तर रात्री यूव्ही फिल्टर सरळ काढून ठेवा. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. समुद्राचे तुषार किंवा वाळू उडत असेल तर फिल्टर हवाच, पण चांगल्या कोटिंगचा, आणि एकच.

गेल्या त्रिपुरीला आजीनं दारातच पणत्या लावल्या. समोर रस्त्यावरचा दिवा होताच. मी फोनवरची काच काढली, ठिपका तुळशीच्या कुंडीवर नेऊन सोडला आणि मग पाच फोटो काढले. आजीनं फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आता माझी मी दिसतीया."

घाटावरचा तो फोटोही मी ठेवलाय, ठिपक्यासकट. चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काच पुसत राहा!