पहिल्यांदा उमेदवारी करणाऱ्यास

निवडणुका जवळ आल्या की आमच्या युनियनच्या कचेरीत एखादा कामगार संकोचत येतो, बाकाच्या कडेला टेकतो आणि विचारतो, "काका, यंदा नगरपालिकेला उभा राहू का?" मी त्याला उलट विचारतो, "बाबा रे, निवडून आलास तर पहिल्या सभेत कशावर बोलशील?" बहुतेकांना याचे उत्तर देता येत नाही. म्हणून मला वाटते, उमेदवारीचा आरंभ इथूनच व्हावा.

नगरपालिका म्हणजे पाणी, गटारे, रस्ते, दिवे, बाजार, कचरा आणि या साऱ्यांसाठी लागणारा पैसा. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली. शहराच्या कारभाराचे अठरा विषय तीत दिले आहेत. हे विषय वाचावेत आणि मग आपल्या गावच्या पालिकेचे अंदाजपत्रक मिळवून तेही वाचावे. पहिल्या वाचनात ते कळणार नाही. मलाही कळले नव्हते. पण आपल्या गल्लीतल्या गटारासाठी किती रक्कम धरली आणि खर्च किती झाली, एवढे दोन आकडे सापडले तरी भाषणाला पाया मिळतो.

एकटा सभासद काय करणार, असे कोणी म्हणेल. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पालिकेचे हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे म्हणून जोतिरावांनी एकट्याने विरोधी मत दिले. ठराव पास झालाच. परंतु आज त्या सभेतले आपल्याला आठवते ते हेच एक मत.

आता कायद्याच्या गोष्टी. उमेदवाराचे वय एकवीस पूर्ण हवे आणि त्या शहराच्या मतदारयादीत त्याचे नाव हवे. सरकारी वा पालिकेच्या नोकरीत असलेल्यास उभे राहता येत नाही. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध, कराची थकबाकी, कायद्याने ठरविलेल्या तारखेनंतर दोनांहून अधिक अपत्ये, यांपैकी काही असेल तर अपात्रता ओढवते. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कोणती जागा कोणासाठी राखीव, हे सोडतीने ठरते. पाच वर्षे राबलेल्या पुरुष कार्यकर्त्याच्या वाट्याला कधी दुसऱ्यासाठी झटण्याची पाळी येते. अशा वेळी घरातल्या बाईचे नाव पुढे करून आपण कारभार हाकण्यापेक्षा, मोर्चात आणि पाण्याच्या रांगेत पुढे असलेल्या एखाद्या भगिनीलाच उभे करावे. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो. तो अर्ज निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच करून ठेवावा.

अर्जाबरोबर शपथपत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेल्या निकालापासून उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरील खटले जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मानला गेला आहे. आमच्यासारख्यांवर संप-मोर्चांतले जुने खटले असतात. ते लपवू नयेत. मागाहून उघडे पडल्यावर होणारी मानहानी त्या खटल्याहून मोठी असते.

आमचा एक हमाल सहकारी असाच उत्साहाने उभा राहिला. माणूस चोख, वस्तीत मान. त्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली ती रस्त्यापलीकडच्या मित्राने. जन्माची मैत्री, पण रस्त्याच्या मध्यावरून प्रभागाची हद्द गेलेली. सूचक त्याच प्रभागाचा मतदार हवा. छाननीत अर्ज बाद झाला आणि शेकडो मतदारांना आपला माणूस मतपत्रिकेवर दिसलाच नाही. त्याच्या अर्जावर मीही नजर फिरवली होती आणि मलाही ते दिसले नव्हते. तेव्हापासून मी सांगतो : मतदारयादी हातात घेऊन उमेदवाराचा व सूचकाचा अनुक्रमांक दोन वेगळ्या माणसांनी तपासावा आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नये. चूक आढळली तर दुरुस्तीला वेळ उरला पाहिजे.

खर्चाला मर्यादा असते. ती राज्य निवडणूक आयोग ठरवितो. निवडणुकीसाठी बँकेत वेगळे खाते उघडावे. युनियनमध्ये आपण चार आण्यांचीही पावती फाडत आलो, तीच सवय इथे उपयोगी पडते. रोजचा खर्च रोज लिहावा. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही, तर पुढची निवडणूक लढविण्याचा हक्कही जाऊ शकतो. हरलेल्यानेही तो द्यावयाचा असतो, हे पुष्कळजण विसरतात.

प्रचाराचे म्हणाल तर फलकांवर पैसा उधळू नये. यादी घेऊन दारोदार जावे, थोडे बोलावे, पुष्कळ ऐकावे आणि तक्रार वहीत लिहून घ्यावी. जे आपल्या हातात नाही, त्याचे वचन देऊ नये. कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून आले आणि १९६७ साली त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य पुढाऱ्याला हरविले. मधली सहा वर्षे पालिकेत आणि कामगारांत काम चालू होते, हे विसरू नये.

आणि हरलो तर? घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले डॉ. आंबेडकर १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात पराभूत झाले. तेव्हा आपण हरलो तर त्यात लाज कसली? निकालाच्या दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन त्याच दारांवर जावे. ज्यांनी मत दिले त्यांचे आभार मानावेत. ज्यांनी दिले नाही, त्यांच्याही गटाराचा अर्ज पालिकेत द्यावा. अर्ज देण्याला निवडून यावे लागत नाही.