दिवे लागले की रेडिओ का भुणभुणतो? १२ व्होल्टच्या स्ट्रिप लाइटचा माग

दिवाळीआधी आमच्या दहिसरच्या घरात हॉलचं फॉल्स सीलिंग झालं. कडेच्या खाचेत १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप, रिमोटवर कमी-जास्त होणारी. देवघरालाही तशीच एक छोटी स्ट्रिप. सगळे खूश होते. फक्त आजोबांचा रेडिओ बिघडला.

आजोबा मूळचे जुन्नरचे. संध्याकाळी मिडियम वेव्हवर पुणे केंद्र, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ, लावून बसायचे. आता तिथे नुसतं भर्रर्र. "दिवं लावलं की ह्याला काय होतं रं?" असं ते मला दोनदा म्हणाले. मी त्यांना समजावलं की रेडिओ जुना झालाय, आणि नवा आणून दिला. नव्यावरही तेच. मग त्यांनी रेडिओ लावणंच सोडलं. तक्रार केली नाही, संध्याकाळी आमच्याबरोबर टीव्हीवरच्या मालिका बघत बसायला लागले.

मी दिवसभर लोकांचे बग रिपोर्ट वाचतो. "अमुक केलं की तमुक होतं" एवढं स्पष्ट लिहिणारे फार कमी भेटतात. आजोबांनी नेमकं तेच सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं नव्हतं.

आणखी एक खूण समोर होती. त्याच रेडिओवर ५५८ किलोहर्ट्झची अस्मिता वाहिनी व्यवस्थित लागत होती. तिचा ट्रान्समीटर मालाडला, आमच्यापासून साधारण दहा किलोमीटरवर. इतक्या जवळचा सिग्नल कुठल्याही गोंगाटावर मात करतो. पुण्याचा सिग्नल सह्याद्री ओलांडून येतो, तो गोंगाटात बुडतो. म्हणजे रेडिओ ठणठणीत होता, घरातला गोंगाट वाढला होता. शेजारच्या काकांनी मेट्रोवर संशय घेतला. पण मेट्रोचा त्रास असता तर तो गाडीबरोबर आला-गेला असता. आमची भुणभुण दिवेलागणीला सुरू व्हायची आणि दिवे मालवेपर्यंत एकसुरी चालायची.

आवाज दिव्याचा नाही, डबीचा

एलईडी स्वतः गप्प असते. तिला १२ व्होल्ट डीसी देणारी डबी, म्हणजे ड्रायव्हर किंवा अडॅप्टर, हा खरा गोंगाट करणारा. ही डबी घरातल्या २३० व्होल्ट एसीचं आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करते आणि मग तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखभर वेळा, चालू-बंद करते. म्हणून ती हलकी, लहान आणि स्वस्त होते. पण इतक्या झटक्याने चालू-बंद केलेला प्रवाह एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबत नाही, त्याच्या पटीतही सांडतो. समजा डबी ६६ किलोहर्ट्झवर चालते. तिची बारावी पट किती? ७९२. बरोब्बर पुणे केंद्र! प्रत्यक्षात डबी गरम होते, लोड बदलतो, फ्रिक्वेन्सी सरकत राहते, त्यामुळे एका ठिपक्याऐवजी रेडिओच्या डायलवर रुंद पट्टाच घाण होतो. त्यात आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा गोंगाट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कानाला येणारी ती 'भुण्ण' त्याचीच.

चांगल्या डबीत हा सांडलेला भाग अडवायला फिल्टर असतो: एक-दोन कॉइल, दोन-तीन कपॅसिटर. किंमत कमी करायची असली की आधी तोच गळतो, कारण त्याच्याशिवायही दिवा छान लागतो. मग गोंगाट वायरींमधून बाहेर पडतो आणि ड्रायव्हर ते स्ट्रिप ही पाच-सात मीटरची वायर अँटेनाचं काम करते. ७९२ किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळपास ३८० मीटर, त्या मानाने ही अँटेना अगदीच तोकडी. पण रेडिओ तिच्यापासून दोन मीटरवर असेल तर तेवढीही पुरते.

डबीवर बीआयएसची खूण आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एलईडी ड्रायव्हरची सक्तीची नोंदणी ज्या मानकावर होते ते सुरक्षेचं आहे: शॉक, आग, तापमान. रेडिओच्या गोंगाटासाठी सीआयएसपीआर १५ (युरोपीय नाव ईएन ५५०१५) हे वेगळं मानक आहे. ते डब्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलंय का ते बघा.

माग कसा काढायचा

सेलवर चालणारा मिडियम वेव्ह रेडिओ पुरतो. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा, घरात सांगून ठेवा (वायफाय जाणार, आरडाओरडा होणार) आणि मेन स्विच पाडा. गोंगाट थांबला तर तो तुमच्याच घरातला. नाही थांबला तर शेजारी, जिना किंवा लिफ्ट. आमचा जवळजवळ पूर्ण थांबला. मग एकेक एमसीबी वर केला आणि दिव्यांच्या सर्किटवर एकेक स्विच.

हॉलची स्ट्रिप लावली, भर्रर्र. रिमोटने उजेड कमी केला, आणखी वाढलं. याचं कारण डिमर. डिमर उजेड कमी करतो म्हणजे स्ट्रिपला भरभर चालू-बंद करतो. पूर्ण उजेडावर ती सलग चालू असते, तेव्हा निदान डिमरचा तरी वाटा नसतो. पण हॉलची स्ट्रिप बंद करूनही आजोबांच्या कॉटपाशी गोंगाट उरला. तो निघाला देवघराच्या पाच वॅटच्या स्ट्रिपचा! तिचा अडॅप्टर कॉटच्या मागच्या भिंतीवरच होता. मी मोठ्या स्ट्रिपवरच नजर ठेवून होतो.

इथे एक फसगत होते. रेडिओ जोराचा सिग्नल आला की स्वतःच आवाज आवरतो, त्यामुळे वायरीला चिकटवून 'कुठे जास्त' हे कळत नाही. रेडिओ थोडा लांब धरा आणि आडवा फिरवा. आतली फेराइटची कांडी एका दिशेला गोंगाट सर्वात कमी घेते. आजोबा वर्षानुवर्षं रेडिओ फिरवून स्टेशन साफ करायचे, ते हेच.

काय चाललं, काय नाही

पहिला उपाय इंटरनेटवर सगळे सांगतात तो: वायरीवर फेराइटचा क्लिप-ऑन मणी. लॅमिंग्टन रोडवरून चार आणले, लावले, ढिम्म फरक नाही. हे मणी मुख्यतः दहा-वीस मेगाहर्ट्झच्या वर काम करतात, मिडियम वेव्ह एक मेगाहर्ट्झच्या आसपास. एकदा ओवलेल्या वायरीला तिथे नगण्य अडथळा होतो. मात्र वेढ्यांचा परिणाम वर्गाच्या पटीत वाढतो: दहा वेढे घेतले तर अडथळा साधारण शंभरपट. म्हणून कमी फ्रिक्वेन्सीचं, मँगनीज-झिंक फेराइटचं मोठं कडं घेतलं आणि ड्रायव्हरच्या डीसी बाजूच्या दोन्ही वायरी एकत्र त्यावर दहा वेळा गुंडाळल्या. तेव्हा फरक कळला.

मग दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळल्या आणि लांबी निम्मी केली, डिमर काढून टाकला, आणि शेवटी हॉलचा ड्रायव्हरच फिल्टरवाला घेतला. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती, बाकी मेहनत वाचली असती.

देवघरासाठी जुन्या पद्धतीचा लोखंडी गाभ्याचा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवला. जड, थोडा कोमट, पण रेडिओसाठी शांत. नुसता डायोड ब्रिज आणि कपॅसिटर लावला तर स्ट्रिपला १६ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि ती जळते, म्हणून मध्ये ७८१२ रेग्युलेटर आणि त्याला हीटसिंक हवाच.

एक सक्त सूचना: ड्रायव्हर उघडून आत कपॅसिटर जोडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आत तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ टिकू शकतात. २३० व्होल्टच्या बाजूचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

हा प्रश्न आजोबांच्या कॉटपुरता नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने सुरक्षा इशारा काढला होता: बोटीवरच्या एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजांची जागा दाखवणारी एआयएस यंत्रणा यांच्यात अडथळा येऊ शकतो. त्यांची चाचणी आपल्यासारखीच: शांत चॅनलवर रेडिओचा स्क्वेल्च आवाज थांबेल इतपत लावा, मग एलईडी लावा, खरखर सुरू झाली तर दिवा दोषी. गोराई-मनोरीच्या कुणाच्या बोटीवर नवे एलईडी लागले असतील तर बंदरातच ही चाचणी करून घ्यावी, समुद्रात मदत मागायची वेळ आल्यावर नाही.

त्रास शेजाऱ्याकडून येत असेल तर रेडिओ घेऊन त्यांच्या दारात जा आणि त्यांनाच दिवा बंद-चालू करायला सांगा. ऐकल्यावर वाद होत नाही. रेडिओ लहरींवर पाळत ठेवणाऱ्या सरकारी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं केंद्र बोरिवलीत गोराई रोडवरच आहे, पण एका स्ट्रिपसाठी तिथवर जाण्यापेक्षा शेजारी चहाला जाणं सोपं.

आमच्याकडे अजून थोडी भुणभुण उरलीय, ती वरच्या मजल्यावरून येते. आजोबांनी रेडिओ खिडकीकडे तिरका करून ती निम्मी केलीय. सातच्या सुमारास पुणे लागतं, आणि मालिकेचा आवाज आता आम्हाला कमी करावा लागतो.