मृतांची पंगत

आपल्याकडे दिवाळीची धामधूम असते, जवळपास त्याच सुमारास मेक्सिकोत घरोघरी मेलेल्या माणसांसाठी ताटं वाढली जातात. १ नोव्हेंबरला लहानपणी गेलेली मुलं घरी येतात, २ नोव्हेंबरला मोठी माणसं. काही गावांत अपघातात किंवा मारामारीत गेलेल्यांचा मान त्याआधीच, २८ ऑक्टोबरला असतो. घरातल्या टेबलावर पायऱ्या रचतात. त्यांवर फोटो, मेणबत्त्या, मीठ आणि पाण्याचा पेला, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागलेली असणार. कोपाल नावाच्या झाडाच्या डिंकाचा धूप जाळतात. दारापासून टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, म्हणजे वाट चुकायला नको. काय वाढायचं याला शास्त्र नाही. ज्याला जे आवडायचं ते. मिरच्या आणि चॉकलेट वाटून केलेलं दाट मोले, कणसाच्या सालीत उकडलेले तमाले, मेस्कालची बाटली, सिगारेटचं पाकीट, कोका-कोलासुद्धा. शिवाय ‘मेलेल्यांचा पाव’, ज्याच्यावर पिठाचीच हाडं चिकटवलेली असतात. या सगळ्या मांडामांडीला ऑफ्रेंदा म्हणतात.

मराठी वाचकाला पितृपक्ष आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ती आठवण अगदीच गैरलागू नाही. फक्त इथे भटजी लागत नाही, कावळ्याची मनधरणी करावी लागत नाही आणि हे दिवस कुणी अशुभ मानत नाही. मेलेला माणूस थेट येतो, अन्नाचा वास घेतो आणि तृप्त होऊन परततो. नंतर ते अन्न घरचे आणि शेजारी मिळून खातात. त्यातली चव तोवर निघून गेलेली असते, असं जुनी माणसं सांगतात.

जगाला हा सण माहीत झाला तो मात्र या टेबलामुळे नाही. तो माहीत झाला हसऱ्या सांगाड्यांमुळे, पिसांची टोपी घातलेल्या त्या कवटीमुळे, जी आता कपांवर, टी-शर्टांवर आणि गोंदणांत सगळीकडे दिसते. ती कवटी स्वयंपाकघरातून आलेली नाही, छापखान्यातून आली आहे. सण आणि कला यांचं नातं तपासायचं असेल तर मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. इथे कोरीवकाम करणाऱ्याने, भित्तिचित्रकाराने, कादंबरीकाराने, सरकारने आणि शेवटी हॉलिवूडने आपापल्या परीने सणाला हात लावलेला आहे, आणि कुठला भाग कुणाचा हे बऱ्यापैकी दाखवता येतं.

सण किती जुना, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पर्यटन खात्याची पत्रकं तो सरळ ॲझटेकांपर्यंत नेऊन भिडवतात. ॲझटेकांकडे मृतांचे उत्सव होते, मृतांच्या जगाची राणी होती, हे खरंच. पण ते उत्सव उन्हाळ्यात यायचे. १ आणि २ नोव्हेंबर या तारखा कॅथलिक पंचांगातल्या, सर्व संतांच्या आणि सर्व मृतांच्या. कबरीवर दिवे लावणं, त्या दिवशी खास पाव भाजणं हे स्पेनमध्येही होतं. ऊसच मुळात स्पॅनिशांनी आणला, तेव्हा साखरेच्या कवट्या त्याआधी असणं शक्य नाही. एल्सा माल्विदो या मेक्सिकन इतिहासकार बाईंनी तर स्पष्ट म्हटलं की या सणाचं मूळ युरोपीय आहे आणि त्याला ‘प्राचीन’ बनवलं ते विसाव्या शतकातल्या राष्ट्रवादी बुद्धिजीवींनी. मला हे म्हणणं थोडं टोकाचं वाटतं. कारण तारखा आणि साखर स्पेनच्या असल्या, तरी मका, कोपाल, मोलेतल्या मिरच्या आणि झेंडू तिथल्याच मातीतले आहेत. आणि पाहुण्याला काय आवडतं, हे शेवटी वाढणारी बाई ठरवते.

झेंडूवरून सांगायला हवं. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे तो इकडे आला आणि दोन-चार शतकांत असा मुरला की त्याच्यावाचून आपल्याला पूजा सुचत नाही. मेक्सिकोत पुएब्ला प्रांतात त्याची सर्वांत जास्त शेती होते. पावसाळ्यात पेरायचा आणि ऑक्टोबरअखेर तोडायचा, सगळा जमाखर्च त्या एका आठवड्यावर. गंमत म्हणजे कोंबडीच्या खाद्यात घालायचा रंग काढण्यासाठी जो झेंडू लागतो, त्याच्या लागवडीत आज चीन आणि भारत मेक्सिकोच्या कितीतरी पुढे आहेत.

आता छापखान्याकडे. होसे ग्वादालुपे पोसादा १८५२ साली आग्वासकालिएन्तेस गावी जन्मला आणि १८८८ च्या सुमारास राजधानीत येऊन व्हानेगास आरोयो नावाच्या प्रकाशकासाठी चित्रं कोरू लागला. हा प्रकाशक स्वस्त रंगीत कागदावर खुनाच्या बातम्या, गाणी, प्रार्थना, प्रेमपत्रांचे नमुने, अफवा असं काय वाटेल ते छापून चिल्लरीत विकायचा. नोव्हेंबर जवळ आला की ‘कालावेरा’ निघत. म्हणजे जिवंत माणूस मेला आहे असं समजून लिहिलेल्या विनोदी पद्यातल्या मृत्युवार्ता, सोबत सांगाड्याचं चित्र. मंत्री, संपादक, सावकार, कुणालाच सूट नव्हती. ही प्रथा पोसादाच्या आधीपासूनची आणि आजही चालू आहे. वर्तमानपत्रं राष्ट्राध्यक्षांवर कालावेरा छापतात आणि शाळेतली मुलं मास्तरांवर लिहितात. पोसादाने सांगाड्यांना अंग दिलं. त्याचे सांगाडे सायकली चालवतात, नाचतात, दारू पितात, भांडतात. शाळकरी ओरोस्को, पुढे मोठा चित्रकार झालेला, शाळेच्या वाटेवर काचेतून त्याला काम करताना पाहत उभा राहायचा. आपल्याला रंगरेषांची जाग तिथेच आली, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

पोसादाच्या शेवटच्या वर्षांतल्या एका पत्र्यावर फक्त डोकं होतं. कवटी, वर फुलापिसांनी लादलेली फ्रेंच टोपी. नाव ‘गार्बान्सेरा’, म्हणजे चणे विकणारी. स्वतःच्या अंगातलं देशी रक्त लपवून पॅरिसची मडम होऊ पाहणाऱ्यांवर तो टोमणा होता. हे चित्र १९१३ साली छापून आलं तेव्हा पोसादा जिवंत नव्हता. जानेवारी १९१३ मध्ये तो दारिद्र्यात गेला. त्याला फुकटच्या कबरीत पुरलं, आणि मुदत संपल्यावर कुणी दावा सांगायला आलं नाही म्हणून हाडं सामुदायिक खड्ड्यात टाकली.

तो विस्मरणातून बाहेर आला १९२० नंतर. क्रांती संपली होती, नव्या सरकारला नवा देश रंगवून हवा होता. जाँ शार्लो या फ्रान्समध्ये जन्मलेल्या चित्रकाराने त्याची छापील पानं शोधून काढली आणि दिएगो रिव्हेराने त्याला आपला गुरू जाहीर केलं. मग १९४७ मध्ये रिव्हेराने ‘आलामेदा बागेतल्या रविवार दुपारचं स्वप्न’ हे सुमारे पंधरा मीटर लांबीचं भित्तिचित्र राजधानीतल्या एका नव्या हॉटेलासाठी केलं. त्यात मेक्सिकोचा चारशे वर्षांचा इतिहास बागेत फिरायला आलेला आहे. मधोमध पोसादाची कवटी. तिला रिव्हेराने पायापर्यंत देह दिला, गळ्यात पिसांच्या सापाचा पट्टा घातला. तिच्या एका बाजूला काठी घेतलेला पोसादा, दुसऱ्या हाताला लहानपणचा रिव्हेरा, खिशात बेडूक घेऊन. त्याच्या मागे फ्रिदा काहलो. चणेवाली तिथून पुढे ‘कात्रिना’ झाली, नखरेल श्रीमंतीण. ज्या बाईची टिंगल होती तीच देशाची ओळख बनली. पोसादाला हे पाहून हसू आलं असतं की संताप, कोण जाणे.

चित्राचं पुढचं आयुष्यही सुखाचं नव्हतं. त्यातल्या एका इतिहासपुरुषाच्या हातातल्या कागदावर देव नसल्याचं वाक्य होतं. गदारोळ झाला, हॉटेलने कित्येक वर्षं चित्र झाकून ठेवलं, आणि १९५६ मध्ये रिव्हेराने स्वतः ते वाक्य पुसलं. १९८५ च्या भूकंपात हॉटेल निकामी झालं, चित्र वाचलं. ते उचलून नेऊन त्याच्यासाठी बागेशेजारी वेगळं संग्रहालय बांधलं. एक चित्र आणि त्याच्यासाठी एक इमारत.

पण मराठी माणसाने मेक्सिको सिटीत आधी जावं ते शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत. रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात तिच्या चौकांच्या भिंती रंगवल्या. तळमजल्यावर सणांची चित्रं आहेत, त्यांत मृतांच्या दिवसाचीही: एकात खेड्यातली शांत ऑफ्रेंदा, एकात शहरातली दारू, गर्दी आणि मुखवटे. दोन्ही एकाच सणाची आहेत, हे रिव्हेराला तेव्हाच कळलं होतं. त्याच इमारतीत वर ‘आमची भाकर’ या अर्थाचं चित्र आहे, एका टेबलाभोवती साधी माणसं बसली आहेत. त्या पंगतीत आपले डॉ. पांडुरंग खानखोजे आहेत असं सांगितलं जातं. वर्ध्याचा हा मुलगा, गदर चळवळीतला क्रांतिकारक, अमेरिका, इराण असा फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोला पोहोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागला. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईने त्या शाळांचे आणि त्यांच्या कणसांचे फोटो काढले. त्याच चापिंगोच्या जुन्या प्रार्थनामंदिरात रिव्हेरा तेव्हा भिंती रंगवत होता. स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला. मक्याच्या देशाला मका शिकवायला विदर्भातला माणूस जावा, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत अजून एका ओळीपुरतंही नीट आलेलं नाही.

पुस्तकांकडे वळलं की पहिलं नाव ऑक्टाव्हियो पाझ यांचं घेतात. १९५० च्या ‘एकांताचा चक्रव्यूह’ या निबंधग्रंथात मृतांच्या दिवसावर एक प्रकरण आहे, आणि मेक्सिकन माणूस मृत्यूशी थट्टा करतो, त्याला उराशी घेऊन झोपतो, ही कल्पना जगभर पसरली ती त्यातूनच. पाझ १९५१ मध्ये बोटीने मुंबईला उतरले, घारापुरीच्या लेण्यांवर त्यांनी कविता लिहिली, १९६२ पासून ते भारतात राजदूत होते आणि १९६८ मध्ये आपल्याच सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्यावर त्यांनी ते पद सोडलं. माणूस मोठा, गद्य झळाळतं. तरी त्या प्रकरणाबद्दल माझी तक्रार आहे. ‘मेक्सिकन माणूस’ नावाचा एकच एक माणूस त्यात गृहीत धरलेला आहे, आणि पोराला पुरून आलेली आई मृत्यूशी थट्टा करत नसते. पर्यटकाला पाझ फार सोयीचे पडतात.

हुआन रुल्फो तसा नाही. १९५५ ची ‘पेद्रो पारामो’ ही जेमतेम सव्वाशे पानांची कादंबरी. बापाला शोधायला मुलगा कोमाला गावी येतो आणि हळूहळू ध्यानात येतं की गावात भेटणारं प्रत्येक माणूस मेलेलं आहे. ही मृत माणसं हसत नाहीत, नाचत नाहीत. ती कुरकुरतात, जुनी देणी उगाळतात, कबरीत शेजारच्याशी बोलतात. गार्सिया मार्केझला ही कादंबरी जवळपास तोंडपाठ होती. सणाचा एकही झगमगता तपशील तिच्यात नाही आणि तरी ऑफ्रेंदा का मांडायची हे मला कळलं ते तिच्यामुळे: भुकेल्या, तक्रारखोर नातेवाइकांना वर्षातून एकदा तरी जेवू घालावंच लागतं. माल्कम लावरीची ‘ज्वालामुखीच्या पायथ्याशी’ या अर्थाची इंग्रजी कादंबरीही १९३८ मधल्या याच एका दिवसात घडते, पण तिच्यात मेक्सिकोपेक्षा मद्य जास्त आहे.

सिनेमाने मात्र सणाला थेट हात घातला. जेम्स बाँडच्या २०१५ च्या ‘स्पेक्टर’मध्ये मेक्सिको सिटीत सांगाड्यांची प्रचंड मिरवणूक दाखवली. अशी मिरवणूक तिथे कधीच नव्हती. पर्यटक आता ती पाहायला येणार, हे ओळखून पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ती खरोखर काढली गेली आणि आता ती दरवर्षी निघते. डिस्नेने तर २०१३ मध्ये सणाच्या नावावरच व्यापारी हक्क मागितला होता. ओरड झाल्यावर अर्ज मागे घेतला. त्या अर्जावर झोंबरं व्यंगचित्र काढणारे लालो आल्काराझ पुढे २०१७ च्या ‘कोको’साठी सल्लागार म्हणून घेतले गेले, आणि चित्रपट त्यामुळे बराच सावरला. हे बनावट म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी पोसादाकडे पाठवीन. टोपीवाली कवटीही एका वर्षी नवीच होती.

प्रत्यक्ष जायचं असेल तर गर्दीची तयारी ठेवा. मिचोआकानमधल्या पात्झक्वारो तळ्यातलं हानित्सिओ बेट सर्वांत प्रसिद्ध; पुरेपेचा लोकांची बायकामुलं रात्रभर कबरींजवळ मेणबत्त्या लावून बसतात आणि त्यांच्याभोवती कॅमेरे. १९७० च्या दशकात राज्य सरकारने पर्यटनासाठी या भागाचा जोरात प्रचार केला, त्याचा हा परिणाम. ओआहाकात संगीत, रंग, बाजार यांची चंगळ आहे. तोलुकात साखरेच्या कवट्यांची जत्रा भरते. कवटीच्या कपाळावर आपलं नाव लिहून घेता येतं, मग ती खायची. राजधानीच्या टोकाचं मिक्सकिक गाव संध्याकाळी दिव्यांनी उजळतं. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते काम्पेचेतलं पोमुच. तिथे पुरल्यानंतर काही वर्षांनी हाडं बाहेर काढून पेटीत ठेवतात, आणि दर वर्षी सणाआधी घरची माणसं ती एकेक हातात घेऊन ब्रशने पुसतात, खालचं भरतकामाचं कापड बदलतात. गप्पा मारत, सहज. युनेस्कोने २००८ मध्ये सणाला आपल्या वारसा यादीत घेतलं, त्यात दखल घ्यायची होती ती या कामाची.

२०२० मध्ये करोनामुळे कबरस्तानं बंद होती, सरकारने ३१ ऑक्टोबरपासून तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, आणि ऑफ्रेंदा घरातच मांडल्या गेल्या. सण थांबला नाही. त्याला खरी अडचण येते ती दुसरीकडे. मेक्सिकोच्या सरकारी नोंदीत बेपत्ता माणसांचा आकडा मे २०२२ मध्ये एक लाखाच्या पुढे गेला. अमली पदार्थांच्या टोळ्या, पोलीस, लष्कर, कुणी नेलं याचा अनेकदा पत्ताच नाही. त्यांच्या आया लोखंडी सळई जमिनीत ठोकून, बाहेर काढून तिच्या टोकाचा वास घेत मुलांचे अवशेष शोधतात. नोव्हेंबर आला की प्रश्न उभा राहतो: फोटो टेबलावर ठेवायचा का? ठेवला तर मुलगा मेल्याचं आपणच मान्य केलं असं होतं. म्हणून अशा कित्येक घरांत फोटो टेबलावर चढत नाही. तो बाहेर काढण्याचा त्यांचा दिवस वेगळा आहे. १० मे, मेक्सिकोतला मातृदिन. २०१२ पासून दर वर्षी त्या दिवशी या आया मुलांचे फोटो छातीशी धरून राजधानीत मोर्चा काढतात.