गुण, क्रमांक आणि दैव

जून महिना उजाडला कीं आपल्या घरांतून दोनच विषयांची चर्चा चालते. एक पावसाची आणि दुसरी निकालाची. पावसाविषयीं वेधशाळा कांहीं अंदाज सांगते, आणि तो चुकला तर कोणी ढगांना नादान ठरवीत नाहीं. निकालाची गोष्ट मात्र निराळी. वैद्यकीय महाविद्यालयांत जागा मिळाली तर मुलगा हुशार, न मिळाली तर कोठें तरी कमी पडला, असा निवाडा आपण घटकाभरांत देऊन मोकळे होतों. हा निवाडा कितपत खरा असतो, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पिंपरीचें संत तुकाराम नगर या विचाराला सोयीचें स्थळ आहे. कारखान्यांच्या आधारानें वाढलेल्या या परिसरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे, आणि जवळच डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचें वैद्यकीय महाविद्यालय आहे. पांढरा डगला घातलेले विद्यार्थी रस्त्यानें जातांना नित्य दिसतात, आणि ज्यांच्या घरीं बारावीचें मूल आहे त्या आईबापांची नजर त्या डगल्याकडे सहजच वळते. महाविद्यालय आपल्या दारांतच आहे, मग आपल्या मुलीला तेथें जागा कां मिळूं नये, असें कोणा मातेच्या मनांत आल्यास तें स्वाभाविक आहे.

परंतु दाराजवळ असण्याचा या व्यवहाराशीं कांहीं संबंध नाहीं. हें महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचें. त्याच्या जागा केंद्रीय समुपदेशनांतून, साऱ्या देशाच्या यादीप्रमाणें वांटल्या जातात. शेजारच्या गल्लींतील मुलगी आणि इंफाळची मुलगी त्या यादीच्या लेखीं सारख्याच. सरकारी महाविद्यालयांचा हिशेब वेगळा. तेथें शंभरांतील पंधरा जागा अखिल भारतीय यादीला आणि पंचाऐशीं राज्याच्या यादीला. त्यांतून पुण्याचें बैरामजी जीजीभाई महाविद्यालय हातीं येईल कीं नंदुरबारचें अथवा सिंधुदुर्गाचें, हें आधीं सांगतां येत नाहीं. शिवाय अभिमत विद्यापीठाचें वार्षिक शुल्क कित्येक लक्ष रुपये, तर सरकारी महाविद्यालयाचें त्याच्या अल्पांशाइतकें. त्यामुळें असाही प्रसंग येतो कीं, घराजवळची जागा मिळते पण परवडत नाहीं, आणि परवडणारी जागा मिळते ती शेंकडों कोसांवर.

आतां थोडें गणित पाहूं. २०२५ सालीं ‘नीट’ या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेस बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतील बारा लाख छत्तीस हजार पात्र ठरले. एम्.बी.बी.एस्.च्या जागा देशभर लाख-सव्वा लाखाच्या घरांत, आणि त्यांतही सरकारी जागा सुमारें निम्म्या. म्हणजे परीक्षकांनीं स्वतःच पात्र म्हणून ज्यांना शिक्का दिला, त्यांतील दहांत नऊजण बाहेर राहणार, हें परीक्षेच्या आधींच ठरलेलें होतें. जेथें पानें शंभर आणि पाहुणे हजार, तेथें नऊशें उपाशी गेले म्हणून त्यांना भूकच नव्हती असें कोणी म्हणत नाहीं.

पूर्वींच्या परीक्षा सोप्या होत्या असें नव्हे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. तींतून न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे पुढें आले, आणि अनेकजण अनुत्तीर्णही झाले. परंतु त्या परीक्षेंत उत्तीर्ण होण्याची रेघ एके जागीं उभी असे. शेजारच्या बांकावरील मुलानें अधिक गुण मिळविले म्हणून आपले कमी होत नसत. आजची रेघ सरकती आहे. मुलाला किती गुण मिळाले याला स्वतंत्र अर्थ उरलेला नाहीं. इतरांना किती मिळाले यावर सारें अवलंबून.

ही रेघ किती सरकते याचें उदाहरण ताजें आहे. २०२४ सालीं निकाल लागला तेव्हां ७२० पैकीं ७२० गुण मिळविणारे सदुसष्ट विद्यार्थी निघाले. पुढच्याच वर्षीं पदार्थविज्ञानाचे प्रश्न इतके अवघड निघाले कीं, देशांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. आदल्या वर्षीं तेवढेच गुण मिळविणारा हजारोंच्या मागें उभा होता. मग ६८६ हे गुण थोर कीं सामान्य? उत्तर एकच कीं, साल कोणतें तें सांगा.

त्याच २०२४ सालची दुसरी हकीकत अधिक बोधप्रद आहे. अणूंविषयींचा एक प्रश्न आला होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणु स्थिर असतात, असें एक विधान त्यांत होतें. शालेय पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तींत तें तसेंच होतें. नव्या आवृत्तींत ‘प्रत्येक’ च्या जागीं ‘बहुतेक’ असा अर्थ केलेला होता. थोरल्या भावंडाचें पुस्तक वापरणाऱ्यांनीं एक उत्तर दिलें, नवें पुस्तक घेणाऱ्यांनीं दुसरें. आरंभीं दोन्हीं उत्तरें बरोबर धरलीं गेलीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें दिल्लीच्या तंत्रज्ञान संस्थेंतील तज्ज्ञांचें मत मागविलें, आणि जुलैंत एकच उत्तर ग्राह्य ठरलें. या परीक्षेंत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास एक वजा होतो. यामुळें चार लाखांवर विद्यार्थ्यांचे एकदम पांच-पांच गुण गेले. पैकीच्या पैकी गुणांचे मानकरी तत्पूर्वीं एकसष्ट उरले होते, ते सतराच राहिले. मुलें तींच, त्यांचा अभ्यास तोच. बदलला तो एका शब्दाचा निवाडा. जुनें पुस्तक जपून वापरणें हा आपल्या घरांतील सद्गुण. त्याचें फळ असें मिळालें.

२०२० सालीं तर एक मुलगा व एक मुलगी यांना पैकीच्या पैकी गुण पडले. पहिला कोण हें ठरविण्यास गुण अपुरे पडले, तेव्हां अखेर वय पाहिलें आणि मुलगा मोठा म्हणून पहिला ठरला. जन्मतारखेंत कोणाची बुद्धि असते? त्याच वर्षीं महाराष्ट्रांत आणखी एक गोष्ट घडली. वैद्यकीय जागांपैकीं सत्तर टक्के त्या त्या विभागांतील विद्यार्थ्यांना व तीस टक्के सर्व राज्याला, अशी पद्धति चालत आली होती. मराठवाड्यांत महाविद्यालयें थोडीं, म्हणून तेथील मुलांवर तींत अन्याय होतो अशी तक्रार होती, आणि ती साधार होती. सप्टेंबरांत, परीक्षा अवघ्या कांहीं दिवसांवर आली असतां, ती पद्धति रद्द झाली. लातूरच्या मुलाला जें न्याय्य वाटलें, त्यानें पिंपरीच्या मुलाची दोन वर्षांची आंकडेमोड पुसून टाकली. दोघांपैकीं एकाचीही बुद्धि त्या दिवशीं रतिभरही वाढली वा घटली नव्हती.

येथें आपल्या वर्गांत नेहमीं निघणाऱ्या एका विषयाला टाळून चालणार नाहीं. जागा हुकली कीं बैठकींत आरक्षणावर बोट ठेवून बोलणें संपविण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या धोरणाविषयीं प्रत्येकाचें मत असूं शकतें. परंतु वरील गणित पाहतां, उद्यां सर्व जागा खुल्या केल्या तरी दहांतील नऊ पात्र विद्यार्थी बाहेरच राहतील. राखीव यादींतील मुलाचीही रेघ अशीच सरकती असते आणि त्याच्याही घरीं ती रात्र जागून काढलेली असते. २०१९ पासून आर्थिक दुर्बलांसाठीं दहा टक्क्यांची तरतूद झाली, तिचा लाभ आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें घेतात. दुसऱ्याच्या मुलाला चोर ठरविल्यानें आपल्या मुलाचें दुःख हलकें होत नाहीं; तें केवळ कडवट होतें.

दैवाचा हा हात कांहीं आजचाच नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र आपल्या घराघरांत वाचलें गेलें आहे. पत्नीला वैद्यकी शिकवावी म्हणून गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलें. त्यानें तें एका धार्मिक मासिकांत छापलें. १८८० सालीं न्यू जर्सीमधील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या होत्या. तेथें पडलेला तो अंक त्यांनीं उचलला, पत्र वाचलें, आणि आनंदीबाईंशीं पत्रव्यवहार सुरू केला. त्याच ओळखीच्या आधारावर आनंदीबाई १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या व १८८६ सालीं पदवीधर झाल्या. तो अंक त्या मेजावर नसता तर? आनंदीबाईंची बुद्धि व धैर्य यांत तिळभर उणेपणा आला नसता. फक्त आपल्याला त्या ठाऊक झाल्या नसत्या. अशा ठाऊक न झालेल्या किती आनंदीबाई असतील, हा विचार मनांत ठेवावा, म्हणजे यादींत नांव नसलेल्या मुलीकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

हॉलंड देशानें तर दैवाचा हा वांटा उघडपणें मान्य केला. तेथें १९७० नंतरच्या दशकापासून २०१७ पर्यंत वैद्यकीय जागांची सोडत काढली जात असे. ज्याचे गुण अधिक त्याची सोडतींतील संधि अधिक, पण हमी कोणालाच नाहीं. पुढें अत्युच्च गुणांच्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश मिळूं लागला, मग सोडत बंद झाली, आणि २०२३ पासून विद्यापीठांना ती पुन्हां काढण्याची मुभा मिळाली. ही पद्धति निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिच्यांत एक माणुसकी आहे. आपल्याकडे म्हाडाच्या घरांच्या सोडतींत नांव न निघालेल्या गृहस्थाला कोणी नालायक म्हणत नाहीं. तोही दुसऱ्या दिवशीं डबा घेऊन कामावर जातो. आपल्या परीक्षेंत सोडत आहेच, फक्त ती गुणपत्रिकेच्या कागदावर छापलेली असल्यामुळें मुलाला ती आपल्या लायकीचा दाखला वाटते.

मग अभ्यास करूंच नये काय? असा अर्थ कोणी काढूं नये. अभ्यासाशिवाय मूल त्या रेघेच्या आसपासही पोहोंचत नाहीं. अभ्यास रेघेजवळ नेतो. रेघेच्या अलीकडे पडणार कीं पलीकडे, हें पुष्कळदां अभ्यासाबाहेरचें असतें. म्हणून जें आपल्या हातीं आहे तें नेटकें करावें. अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीच्या वैधतेचें अथवा आर्थिक दुर्बलतेचें प्रमाणपत्र, हे कागद निकालापूर्वींच हातीं असावे. कागदावांचून हुकलेली जागा फार जिव्हारीं लागते. पसंतिक्रम भरतांना अटकळी बांधूं नयेत. जें महाविद्यालय मनापासून हवें तें वर लिहावें, कारण यादी वरून खालीं तपासली जाते आणि वरची जागा न मिळाल्यानें खालची जात नाहीं. प्रत्येक फेरीचे नियम त्या वर्षीं छापलेलेच वाचावे. गेल्या वर्षीं शेजाऱ्यांनीं काय केलें त्यावर विसंबूं नये.

दुसरी वाट निकालाच्या आधींच ठरलेली असावी, आणि ती पराभवाची वाट म्हणून सांगितलेली नसावी. पिंपरींतच याचा पुरावा आहे. १९५४ सालीं येथें हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला व देशांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. बुरशीच्या रोगांवरील हॅमायसिन हें औषध त्याच्याच प्रयोगशाळेंत सांपडलें, आणि त्याचें नांवही कारखान्याच्या नांवावरून पडलें. ज्यांच्या हातून अगणित रोगी वांचले, त्या प्रयोगशाळेंतील मंडळी नाडी पाहणारी नव्हती. तीं होतीं रसायन व सूक्ष्मजीव यांचीं अभ्यासकें. आणखी एक वर्ष देऊन पुन्हां परीक्षेस बसावयाचें असल्यास तें मुलाच्या इच्छेनें बसावें, आईबापांच्या प्रतिष्ठेकरितां नव्हे; आणि किती वेळां, हेंही आधींच ठरवावें.

शेवटीं एक विनंति, विशेषतः आमच्या भगिनींस. निकालाच्या आठवड्यांत समारंभास गेल्यावर ‘तुमच्या मुलाचा क्रमांक कितवा?’ हा प्रश्न सहज तोंडीं येतो. तो विचारूं नये. मराठींत ‘गुण’ हा शब्द परीक्षेंतील आंकड्याला आणि माणसाच्या अंगच्या मोलाला एकच आहे, म्हणून आपली गल्लत होते. पहिला गुण वर्षाकाठीं बदलतो, न्यायालयांत बदलतो, एका शब्दानें बदलतो. दुसरा गुण घरांतील माणसांनींच ओळखावयाचा असतो. आणि यादींत नांव न लागलेलें मूल सायंकाळीं घरीं येतें, तेव्हां त्याला तो आपल्या तोंडून ऐकण्याची फार गरज असते.