शब्दकोडे : उत्तर एकच, पण ते ठरते कसे?

कोलकात्यात सकाळचे वृत्तपत्र दोन लिप्यांत वाचले जाते आणि शब्दकोडेही दोन लिप्यांत सोडवले जाते. 'द स्टेट्समन' आणि 'द टेलिग्राफ' या तेथील इंग्रजी दैनिकांप्रमाणेच 'आनंदबाजार पत्रिका' या बंगाली दैनिकानेही आपल्या पानांवर शब्दकोड्याला जागा दिली आहे. मराठीत आपण ज्याला शब्दकोडे म्हणतो, त्याला बंगालीत 'शब्दछक' म्हणतात. आपल्याकडे 'आडवे शब्द' आणि 'उभे शब्द' असतात, तर बंगालीत 'पाशापाशि' आणि 'उपर-निच'.

लिपी कोणतीही असो, कोडे रचणारा आणि सोडवणारा यांच्यात एक अलिखित करार असतो. प्रत्येक संकेताचे उत्तर एकच असेल आणि वाचकाला ते विचाराने शोधता येईल, असा हा करार आहे. तो पाळला गेला तर शब्दकोडे हा बुद्धीचा खेळ ठरतो. मोडला गेला तर त्याची सोडत होते. हा भेद भारतात एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता.

चौकटीचा जन्म

आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या अमेरिकी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत प्रथम प्रसिद्ध झाले. मूळचे लिव्हरपूलचे असलेले पत्रकार आर्थर विन हे त्याचे रचनाकार होते. त्या कोड्याची चौकट हिऱ्याच्या आकाराची होती. पुढील दहा-बारा वर्षांत हा खेळ अटलांटिक महासागर ओलांडून ब्रिटनमध्ये पोहोचला. लंडनच्या 'द टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून रोजचे शब्दकोडे देण्यास प्रारंभ केला.

योगायोग असा की, १९१३ मध्येच कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यातही कोडी असत. बंगालीत त्यांना 'धाँधा' असे नाव आहे. शब्दांशी खेळण्याची हौस बंगालमध्ये आधीपासूनच होती. आडव्या-उभ्या घरांची चौकट मात्र बाहेरून आली आणि इंग्रजीच्या २६ अक्षरांसाठी तयार झालेल्या या चौकटीत भारतीय लिपी बसवताना खेळाचे स्वरूपच बदलले.

एका घरात एक अक्षर

इंग्रजी कोड्याच्या एका घरात वर्णमालेतील एकच वर्ण येतो. मराठी किंवा बंगाली कोड्याच्या घरात मात्र पूर्ण अक्षर येते. व्यंजन, त्याची मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर असे सारे काही एकाच घरात सामावते. मराठीतील ३४ व्यंजनांची बाराखडी लिहिली तरी ४०८ अक्षरे होतात आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी असतात.

याचा परिणाम दुहेरी होतो. आडवा आणि उभा शब्द एकाच घरात मिळण्यासाठी दोघांत नेमके तेच अक्षर असावे लागते. 'क'च्या घरात 'का' किंवा 'कि' चालत नाही. त्यामुळे रचनाकाराचे काम अवघड होते आणि चौकटीत काळी घरे अधिक ठेवावी लागतात. सोडवणाऱ्याला मात्र याचा लाभ मिळतो, कारण जुळलेले एक अक्षर त्याला इंग्रजीतील एका वर्णापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.

एक उदाहरण पाहू. 'कमळ' असा संकेत आहे आणि उत्तर तीन अक्षरांचे आहे. कमल, पंकज, जलज, नीरज, सरोज, अंबुज असे अनेक शब्द डोळ्यांपुढे येतात. शेवटच्या घरात 'ज' मिळाला तर केवळ 'कमल' बाद होतो. पाच शब्द उरतातच. मधल्या घरात 'रो' आला की 'सरोज' निश्चित होतो आणि 'र' आला तर 'नीरज'. म्हणजे संकेत जे सांगू शकत नाही, ते छेदणारा शब्द सांगतो. एकाच उत्तराचा करार पाळण्याचे निम्मे काम संकेत करतो आणि निम्मे चौकट करते.

हे सहाही शब्द संस्कृतातून आलेले असल्याने बंगालीतही आहेत. तरीही तीच चौकट जशीच्या तशी बंगालीत नेता येत नाही. मराठीत 'पंकज' लिहिताना पहिल्या घरात 'पं' येतो. बंगालीत हाच शब्द ङ आणि क यांच्या जोडाक्षराने लिहितात. तेथे पहिल्या घरात नुसता 'प' आणि दुसऱ्यात 'ङ्क' येतो. शब्द तोच आणि घरेही तीनच असली, तरी पहिल्या दोन घरांतून जाणारे उभे शब्द बदलावे लागतात.

बंगाली वाचकाची कसोटी आणखी एका ठिकाणी लागते. बंगालीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराच्या उच्चारांत फरक उरलेला नाही. 'श' आणि 'स' यांचा उच्चारही बहुतेक शब्दांत सारखाच होतो. 'दिवस' या अर्थाचा 'दिन' आणि 'गरीब' या अर्थाचा 'दीन' हे कानाला एकच वाटतात. 'प्रेत' या अर्थाचा 'शव' आणि 'सर्व' या अर्थाचा 'सब' यांचाही उच्चार सारखाच असतो. शब्दछकात मात्र लेखन चुकले की छेदणारा शब्द अडतो. चूक दाखवायला तेथे शिक्षकाची गरज पडत नाही.

संकेताच्या आत संकेत

शब्दकोड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात संकेत म्हणजे सरळ अर्थ किंवा माहिती असते. दुसरा प्रकार कूट संकेतांचा असून तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ब्रिटनमध्ये रुजला. भारतातील इंग्रजी दैनिकांनीही हा प्रकार उचलला.

कूट संकेताचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा अर्थ असतो. तो बहुधा वाक्याच्या आरंभी किंवा शेवटी येतो. दुसऱ्या भागात तेच उत्तर शब्दांच्या खेळातून मिळते. मराठीत त्याचा नमुना असा करता येईल : 'वर मागतो रणवीर, त्यातच दाराची शोभा (३)'. वरवर पाहता ही एखाद्या योद्ध्याची कथा वाटते. पण 'दाराची शोभा' हा अर्थ आहे, 'त्यातच' हा शब्द उत्तर आतच दडल्याचे सांगतो आणि 'मागतो रणवीर' या शब्दांतून सलग तीन अक्षरे उचलली की 'तोरण' मिळते. दोन वाटांनी एकाच शब्दापर्यंत पोहोचल्यावर शंका उरत नाही.

'कनक' हा शब्द उलटा वाचला तरी सोनेच राहतो. तेव्हा 'उलटसुलट कसेही पाहा, सोने ते सोनेच (३)' हा संकेत मराठीत आणि बंगालीतही चालू शकेल. इंग्रजी कूटकोड्यांचा सर्वांत आवडता डाव मात्र भारतीय लिप्यांत सहसा साधत नाही. तो डाव म्हणजे वर्णांची फेरजुळणी. 'ऐकणे' या अर्थाचा 'लिसन' आणि 'नि:शब्द' या अर्थाचा 'सायलेंट' हे इंग्रजीत त्याच सहा वर्णांचे शब्द आहेत. देवनागरीत लिहिले की त्यांचे नाते दिसेनासे होते.

कौशल्य की नशीब?

हा करार मोडल्यास काय होते, ते १९५० च्या दशकात दिसले. त्या काळी शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा मोठा व्यवसाय देशात चालत असे. प्रवेशिकेबरोबर शुल्क भरावे लागे आणि आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळणाऱ्या प्रवेशिकेला बक्षीस मिळे.

अशा स्पर्धांतील धोका समजण्यास सोपा आहे. 'माणसाने हे जपावे' असा संकेत आहे, दुसरे घर 'न' आहे आणि पहिल्या घराला छेदणारा शब्दच नाही, असे समजू. धन, मन, तन, जन यांपैकी कोणताही शब्द चालेल. अधिकृत उत्तर कोणते, हे बुद्धीने ठरवता येणार नाही. प्रत्येकी केवळ दोन पर्याय असलेली अशी दहा घरे असतील तर १,०२४ वेगवेगळ्या प्रवेशिका होतात. जो अधिक शुल्क भरेल त्याला अधिक संधी, असा तो व्यवहार होतो.

मुंबईसह काही राज्यांच्या ठरावांनंतर संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धा कायदा केला. बक्षीस स्पर्धेची व्याख्या करताना त्यात पहिलेच नाव शब्दकोड्यांच्या स्पर्धेचे आहे. महिन्याच्या एकूण बक्षिसांवर १,००० रुपयांची आणि प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेशिकांवर २,००० ची मर्यादा घालण्यात आली. बंगळुरूहून साप्ताहिक काढून त्यातून शब्दकोडी स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. एक प्रकरण मुंबई राज्याच्या कराविषयी होते, तर दुसरे केंद्राच्या या कायद्याविषयी.

न्यायालयाने १९५७ मध्ये दिलेले निकाल आजही उद्धृत केले जातात. जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्याला मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्या स्पर्धेत यश मुख्यत: कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार ठरत नाही आणि १९५५ चा कायदा तिला लागू होत नाही, असेही स्पष्ट केले. पुढे १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसंबंधीच्या प्रकरणातही कौशल्याच्या याच कसोटीचा आधार घेण्यात आला.

सोडवताना

रोजच्या कोड्यात शुल्क नसते. तेथे पणाला लागतो तो वाचकाचा विश्वास. सोडवणाऱ्याने आधी नि:संदिग्ध संकेत भरावेत आणि मग त्यांना छेदणाऱ्या शब्दांकडे वळावे. समानार्थी शब्द अनेक असतील तर ते समासात लिहून ठेवावेत आणि पुढचे अक्षर मिळेपर्यंत थांबावे. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे घरात लिहिण्यापूर्वी तपासावीत. कूट संकेतात वाक्याच्या कथेपेक्षा त्याच्या दोन टोकांकडे आधी लक्ष द्यावे.

दुसऱ्या दिवशी उत्तर प्रसिद्ध होते. 'हे सुचायला हवे होते' असे ते पाहून वाटले, तर रचनाकाराने करार पाळला असे समजावे. 'हे कसे सुचणार?' असे वाटले, तर चौकटीतील एखादे घर नशिबावर सोडलेले होते का, हे तपासून पाहायला हरकत नाही.