कर्णोपकर्णी टिकलेले संगीत

लखनऊच्या दक्षिणेस, रायबरेली रस्त्यालगत तेलीबाग ही वसाहत आहे. तेथे राहणाऱ्या श्रोत्याला आज पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा जर्मन किंवा जपानी अल्बम घरबसल्या, मोबाइलवर ऐकता येतो. पूर्वी अशा तबकडीसाठी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागे आणि तेथेही ती मिळेलच अशी खात्री नसे. उपलब्धतेचा प्रश्न बव्हंशी सुटला असला, तरी दुसरा प्रश्न कायम आहे. हजारो अल्बममधून आधी कोणता ऐकावा आणि तो कोणी सांगावा?

अँबियंट आणि प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संगीताबाबत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. कारण हे संगीत प्रामुख्याने एका श्रोत्याने दुसऱ्याला सांगितल्यामुळेच पसरले. त्याचा एक ठळक दाखला मुंबईतच घडला आहे.

संगीताचे स्वरूप

अँबियंट म्हणजे सभोवतालात मिसळून जाणारे संगीत. त्यात ठळक ठेका नसतो, गाणे नसते आणि बहुधा लक्षात राहील अशी ठाशीव चालही नसते. लांबवलेले स्वर हळूहळू बदलत राहतात. ते लक्षपूर्वक ऐकता यावे आणि लक्ष दिले नाही तरी त्याचा अडथळा होऊ नये, अशी त्यामागची कल्पना आहे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो यांनी १९७८ मध्ये 'अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम प्रसिद्ध केला आणि हे नाव रूढ झाले.

प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक संगीतात गती अधिक असते. सिक्वेन्सर हे उपकरण ठरावीक स्वरांची मालिका पुन्हापुन्हा वाजवत राहते आणि वादक तिच्यावर नव्या ध्वनींचे थर चढवत जातो. पंधरा ते तीस मिनिटांची सलग रचना हे या प्रकाराचे वैशिष्ट्य. १९७० च्या दशकात जर्मनीतील टँजरीन ड्रीम हा वाद्यवृंद आणि क्लाउस शुल्झे, तसेच फ्रान्समधील जाँ-मिशेल जार यांनी हा प्रकार लोकप्रिय केला.

भारतीय श्रोत्याला यातील सारेच अपरिचित नाही. तंबोऱ्याचा अखंड स्वर आणि तालाविना उलगडणारा आलाप त्याने ऐकलेला असतो. उत्तम तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फरक इतकाच, की मैफलीत तंबोरा गायकाला आधार देतो, तर अँबियंट संगीतात तो आधारस्वरच पुष्कळदा मुख्य भूमिका घेतो.

शिफारशीची गरज का भासते?

चित्रपटगीताला चित्रपटाचा आधार असतो, भावगीताला कवितेचा. शब्द आणि मुखडा लक्षात राहतो, तो गुणगुणता येतो आणि गाणे पुढे जाते. शब्दविरहित, वीस मिनिटांच्या रचनेला ही सोय नाही. सुरुवातीची दोन मिनिटे ऐकून तिचा अंदाजही येत नाही. रेडिओच्या वेळापत्रकातही तिला जागा मिळणे कठीण असते.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचाही याच्याशी संबंध आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. १९४८ मध्ये आलेल्या लाँगप्ले तबकडीमुळे ही मर्यादा वीस मिनिटांपलीकडे गेली आणि दीर्घ रचनांना वाव मिळाला. मात्र लोकप्रिय संगीताची रेडिओवरील प्रसिद्धी तीन-चार मिनिटांच्या गाण्यांभोवतीच फिरत राहिली. परिणामी दीर्घ रचना लोकांपर्यंत नेण्याचे काम श्रोत्यांकडे आले.

टँजरीन ड्रीमचा 'फीड्रा' हा १९७४ चा अल्बम याचे उदाहरण आहे. त्याची शीर्षकरचना सुमारे सतरा मिनिटांची आहे. रेडिओवर तो जवळजवळ वाजलाच नाही. तरीही ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत तो पंधराव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. ज्यांनी तो ऐकला, त्यांनी इतरांना सांगितले, हेच त्याचे मुख्य कारण मानले जाते.

अँबियंट संगीताच्या जन्मकथेतही अशीच एक भेट आहे. १९७५ च्या सुरुवातीस इनो अपघातानंतर अंथरुणाला खिळून होते. भेटीस आलेल्या जूडी नायलन या मैत्रिणीने त्यांच्यासाठी अठराव्या शतकातील हार्पवादनाची तबकडी आणली. ती गेल्यावर इनो यांनी कष्टाने तबकडी लावली. परंतु आवाज फारच लहान होता आणि उठून तो वाढवण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. बाहेर पाऊस पडत होता आणि वाद्याचे स्वर त्या आवाजात मिसळून येत होते. संगीत असेही ऐकता येते, हे तेव्हा लक्षात आल्याचे त्यांनी पुढे लिहिले. त्याच वर्षी त्यांचा 'डिस्क्रीट म्युझिक' हा अल्बम आला.

मुंबईतील दहा राग

चरणजीत सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी गिटार आणि अन्य वाद्ये वाजवली. पडद्यामागील अनेक वादकांप्रमाणे त्यांचे नाव सर्वसामान्य रसिकांना ठाऊक नव्हते.

१९८० च्या सुमारास भारतात डिस्को संगीताची लाट आली होती. त्या काळात त्यांनी सिंगापूरहून रोलंड या जपानी कंपनीची नवी वाद्ये आणली. त्यांत ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या साथीचे यंत्र होते. या तीन यंत्रांवर त्यांनी भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग बसवले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि एचएमव्हीने तो प्रसिद्ध केला.

टीबी-३०३ या यंत्राला एका वेळी एकच स्वर काढता येतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. पाश्चात्त्य वादकाला ती केवळ एक करामत वाटू शकेल. परंतु रागसंगीतात वाढलेल्या कानाला त्यात मींडेचा भास होतो. दहाही रागांत हे यंत्र ज्या सहजतेने वापरलेले आहे, त्याचे एक कारण येथे सापडते. काटेकोर अर्थाने हा अल्बम अँबियंट नव्हे. त्यात नृत्याचा ठेका अखंड चालू आहे. मात्र एकच स्वरमालिका हळूहळू फुलवत नेण्याची त्याची पद्धत प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक संगीताशी निश्चित जुळते.

अल्बमला प्रतिसाद मिळाला नाही. नृत्यासाठी डिस्को घेणाऱ्याला त्यात गाणे सापडले नाही आणि रागसंगीताच्या श्रोत्याला यंत्राचा ठेका रुचला नसावा. तबकड्या विस्मृतीत गेल्या.

वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एडो बौमन या डच संग्राहकाला दिल्लीतील एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात हा अल्बम मिळाला. ऐकताच ते चकित झाले. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने 'अॅसिड ट्रॅक्स' प्रसिद्ध केले आणि तेथून अॅसिड हाउस या प्रकाराची सुरुवात मानली जाते. त्याच टीबी-३०३ यंत्राचा तसाच ध्वनी मुंबईत पाच वर्षे आधी उमटला होता. बौमन यांनी चरणजीत सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या संस्थेतर्फे अल्बम पुन्हा प्रसिद्ध केला.

त्यानंतर हा अल्बम जगभर हातोहात फिरला. काहींना तो बनाव वाटला. कोणीतरी नव्याने बनवून जुन्या तारखेने खपवला असावा, अशी शंका व्यक्त झाली. काहींनी उलट टोक गाठून चरणजीत सिंग यांना अॅसिड हाउसचे जनक ठरवले. शिकागोच्या वादकांनी मुंबईची ही तबकडी ऐकली होती, असा पुरावा नाही. एकाच यंत्राकडे दोन ठिकाणचे वादक स्वतंत्रपणे वळले, असे म्हणणे अधिक योग्य ठरते. चरणजीत सिंग यांना सत्तरीनंतर युरोपात हे राग वाजवण्याची संधी मिळाली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

उशिरा मिळालेली दाद

प्रत्येकाच्या वाट्याला इतकेही येत नाही. त्याच १९८२ मध्ये जपानचे हिरोशी योशिमुरा यांनी टोकियोतील हारा कलासंग्रहालयासाठी 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स' हा अँबियंट अल्बम केला. जपानबाहेर तो फारसा पोहोचला नाही. श्रोत्यांच्या परस्पर शिफारशींतून त्याचे नाव जगभर झाले आणि २०१७ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला. परंतु योशिमुरा यांचे निधन २००३ मध्येच झाले होते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील प्रयोगांनाही दीर्घकाळ वाट पाहावी लागली. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने १९६९ मध्ये तेथे मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. या रचनांच्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटनमधील कलावंत पॉल पर्गस यांनी त्यांचा शोध घेतला आणि निवडक रचनांचा संग्रह २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजेच भारतातील या सुरुवातीच्या प्रयोगांची व्यापक ओळख होण्यास अर्धशतक लागले.

या तिन्ही उदाहरणांत एक बाब समान आहे. तबकडी किंवा टेप कोणीतरी जपून ठेवली होती आणि तिच्यावरील नाव वाचता येत होते. नाव आणि वर्ष हरवले असते, तर शोध पुढे सरकलाच नसता.

उपयुक्त शिफारस कशी असते?

मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. तेथे तबकडी विकत घेण्यापूर्वी ऐकता येत असे. अशा दुकानांतील जाणकार विक्रेत्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर संगीतसेवांच्या संगणकीय यंत्रणा करतात. त्यांचा मुख्य आधार असतो श्रोत्यांच्या सवयींचा. अमुक ऐकणारे तमुकही ऐकतात, या हिशेबाने त्या पुढील नाव सुचवतात. जे कोणी ऐकतच नाही, ते अशा हिशेबात सहसा येत नाही. २००२ मधील चरणजीत सिंग यांचा अल्बम कोणत्याही यंत्रणेने सुचवला नसता.

म्हणून जाणत्या श्रोत्याच्या शिफारशीचे मोल टिकून आहे. केवळ 'छान आहे, ऐक' एवढ्याने नवख्याला मदत होत नाही. अल्बमचे आणि कलावंताचे नाव, वर्ष, रचनेची लांबी, कोणत्या वेळी व किती आवाजात ऐकावे आणि पहिल्या दहा मिनिटांत काय अपेक्षित ठेवावे, हे सांगणे उपयुक्त ठरते.

या दृष्टीने नव्या श्रोत्याला 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'पासून आरंभ करता येईल. त्यात चार रचना असून पहिली सुमारे सतरा मिनिटांची आहे. ती घरातील आवाज शांत झाल्यावर, लहान आवाजात ऐकावी. त्यानंतर जार यांचा १९७६ चा 'ऑक्सिजेन' घ्यावा. त्याच्या सहा भागांत चाल स्पष्ट असल्याने तो लवकर जवळचा वाटतो. 'फीड्रा' हा तिसरा टप्पा. शुल्झे यांचा १९७५ चा 'टाइमविंड' मात्र सवय झाल्यावर ऐकावा, कारण त्यात प्रत्येकी सुमारे अर्ध्या तासाच्या दोनच रचना आहेत. चरणजीत सिंग यांच्या अल्बममधील रचना तुलनेने छोट्या आहेत. परिचयाच्या रागापासून, उदाहरणार्थ भूपाळी किंवा यमनपासून, तो सुरू केल्यास यंत्राने रागाचे काय केले हे चटकन उमगते.

लखनऊचा धडा

ऐकलेले दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचवण्याचे महत्त्व लखनऊला नवे नाही. मुंबईचे वकील पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून गायकांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या. त्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनऊत मॅरिस कॉलेज सुरू झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा दीर्घकाळ सांभाळली. आज ही संस्था भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. जे काही घराण्यांच्या स्मरणातच होते, ते अशा रीतीने नावानिशी विद्यार्थ्यांच्या हाती आले.

महाराष्ट्रात जुन्या तबकड्यांबाबत असेच काम सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेने केले. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून संग्राहकांनी आपापल्या तबकड्यांची माहिती एकमेकांना दिली.

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बाबतीत हे काम अजून बरेच बाकी आहे. सिंथेसायझर वाजवणारे अनेक वादक १९७० आणि १९८० च्या दशकांत मुंबईच्या स्टुडिओंतून काम करत होते. त्यांच्या तबकड्या आणि कॅसेट घरोघरी, माळ्यावर किंवा जुन्या बाजारात असू शकतात. अशी वस्तू हाती आल्यास रद्दीत देण्यापूर्वी वेष्टनावरील नावे आणि वर्ष नोंदवून ठेवावे, शक्य असल्यास एकदा ऐकावे आणि जाणकाराला सांगावे. चरणजीत सिंग यांचे दहा राग जगापुढे आले, त्याची सुरुवातही एका जुन्या दुकानात कोणीतरी तबकडी उचलून ऐकली, एवढ्यावरच झाली होती.