घरचे विमान निवडताना

हैदराबाद शहराला विमानाचे अप्रूप नवे नाही. निजामाच्या अमदानीत बेगमपेठच्या मैदानावरून डेक्कन एअरवेजची विमाने उडत. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाल्यावर प्रवासी वाहतूक तिकडे गेली, तरी बेगमपेठचे आकाश अगदी निर्मनुष्य झाले नाही. अशा शहरात एखाद्या सधन गृहस्थाने स्वतःचे लहान विमान घेऊन मुलाबाळांसह नांदेडला किंवा औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जाण्याचे मनात आणले, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की विमान कोणते घ्यावे?

ग्राहकाची दृष्टी प्रथम आसनांवर जाते. आसने चार, माणसे चार. हिशेब जुळला असे त्यास वाटते. वस्तुतः येथेच पहिली चूक होते. १९५५ मध्ये प्रथम उडालेले आणि पुढे जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले सेसना १७२ हे विमान उदाहरणादाखल घ्यावे. त्याच्या अलीकडील नमुन्याचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे १,१५७ किलो असते. विमानाचे स्वतःचे वजन वजा केले, म्हणजे माणसे, सामान व इंधन या सर्वांसाठी चारशे किलोच्या आतच वजन उरते. टाकी पूर्ण भरली तर दोनशे लिटर पेट्रोलचेच १४४ किलो होतात. मागे राहतात अडीचशे किलो. सत्तर किलोची चार माणसे बसली की सामान न घेताच मर्यादा ओलांडली जाते!

मग चौघांनी जायचेच नाही काय? जाता येईल, मात्र इंधन मोजून घ्यावे लागेल. नांदेडचे हवाई अंतर सुमारे २३५ किलोमीटर, म्हणजे या विमानास सव्वा तासाचा पल्ला. विमान ताशी पस्तीस लिटरच्या आसपास इंधन जाळते. शंभर लिटर घेतले, तर जाऊन येण्यापुरते आणि वर थोडे राखीव इंधन होते. आणि चार माणसांसह एखाद-दुसरी पेटीही मावते. औरंगाबादचे अंतर याच्या जवळजवळ दुप्पट. तेथे जाऊन त्याच इंधनावर परतायचे, तर एक माणूस घरी राहिला पाहिजे. अंतर, माणसे आणि इंधन या तिहींचा मेळ घालूनच विमान निवडावे लागते.

दुसरी गोष्ट हवेची. बेगमपेठ समुद्रसपाटीपासून सतराशे फुटांहून अधिक उंच आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळीस अंशांवर गेला, की हवा विरळ होते आणि विमान पाच हजार फुटांवर असल्याप्रमाणे वागू लागते. म्हणजे धावपट्टी हैदराबादची, पण हवा महाबळेश्वराहूनही उंच ठिकाणची! अशा हवेत इंजिनाची शक्ती घटते, पंखांना आधार कमी मिळतो, धाव लांबते आणि चढण मंदावते. म्हणून विमानाच्या पुस्तिकेतील थंड हवेचे आकडे पाहून दक्षिणेच्या पठारावर उडणे धोक्याचे. उन्हाळ्यात पहाटेची वेळ साधावी, हेच शहाणपणाचे.

एका इंजिनापेक्षा दोन बरी, असे सामान्यतः समजले जाते. दुसरे इंजिन उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु हलक्या जोडइंजिनी विमानात एक बंद पडले की शक्ती निम्मी होते, चढण त्याहून पुष्कळच कमी उरते, आणि विमान एका बाजूस वळू पाहते. त्या क्षणी वैमानिकाचा हात सरावलेला नसेल, तर दोन इंजिनेच घातक ठरतात. यापेक्षा निराळा उपाय सिरस कंपनीने केला. तिच्या १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या विमानात संबंध विमानालाच हवाई छत्री बसविलेली असते. तिने अनेकांचे प्राण वाचविले आहेत. पण पुरेशी उंची असतानाच ती वेळेवर उघडली पाहिजे.

इंधनाचाही विचार हवा. जुन्या धर्तीच्या इंजिनांना विशिष्ट पेट्रोल लागते. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशातच तयार करून बाजारात आणले; तरी प्रत्येक विमानतळावर ते मिळेलच असे धरून चालू नये. डायमंडसारख्या कंपन्यांची काही विमाने मोठ्या विमानांच्याच इंधनावर चालतात, ही त्यांची मोठी सोय होय.

तथापि सुरक्षिततेचा शेवटचा धागा यंत्रात नसून माणसात आहे. आपल्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना किमान चाळीस तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. तो शिक्षणाचा आरंभ होय, शेवट नव्हे. दृष्टीच्या भरवशावरील उड्डाणास आपल्या देशात रात्री सर्वसाधारणपणे परवानगी नसते. वळवाचे ढग लहान विमानापेक्षा कितीतरी उंच चढतात. त्यांना ओलांडून जाणे त्यास अशक्य. अशा वेळी लग्नघरी वेळेवर पोहोचण्याची घाई हीच सर्वांत मोठी वैरीण. मागच्या आसनावर मुले बसली आहेत, आणि ‘आज जायचे नाही’ हे शब्द बापाला निःसंकोच उच्चारता येत आहेत, असे ज्या घरी असेल, त्या घरी विमान घ्यावे. नांदेडची आगगाडी तर आहेच.